नूरा कुस्ती, काचेच्या खोलीतली

आमच्या मावशीचं 'कौन बनेगा करोडपती'बद्दल एकच मत आहे, आणि ते २००० सालापासून बदललेलं नाही: "आधीच सांगून ठेवलेलं असतं सगळं." त्या वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकला, शेजारीपाजारी घरचा मुलगा जिंकल्यासारखे खूश होते, आणि मावशी मेथी निवडत हेच पुटपुटत होती. मला तिचं पटत नाही. पण हा संशय तिच्या डोक्यातून उगवलेला नाही. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेला तो पहिल्यांदा चिकटला न्यूयॉर्कमध्ये, १९५६ ते १९५९ या काळात. तिथे खरोखरच सगळं आधी सांगून ठेवलेलं होतं. प्रश्न, उत्तरं, घाम कसा टिपायचा तेसुद्धा.

गंमत म्हणजे हे उघडकीला आलं तेव्हा सरकारी वकिलांना प्रश्न पडला, की आता गुन्हा कोणता लावायचा? तो गुंता समजून घ्यायचा तर जरा मागून सुरुवात करावी लागते.

१९५० मध्ये अमेरिकेतल्या दहा घरांपैकी जेमतेम एका घरात टीव्ही होता. १९५५ पर्यंत तो तीनांतल्या दोन घरांत पोचला. एवढ्या घरांसाठी रोज संध्याकाळी काहीतरी दाखवायला हवं होतं, आणि ते स्वस्तात हवं होतं. प्रश्नमंजूषेला नट लागत नाहीत, मोठं नेपथ्य लागत नाही. अडचण होती ती बक्षिसाची. प्रसारणावर देखरेख करणारी सरकारी संस्था, एफसीसी, रेडिओच्या दिवसांपासून म्हणत होती की असे पैसे वाटणं म्हणजे लॉटरी, आणि लॉटरीला प्रसारणात बंदी आहे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. तर्क सरळ होता. लॉटरीत माणूस पदरचं काहीतरी लावतो, निदान तिकीट तरी काढतो. इथे घरी बसलेला माणूस काहीच लावत नाही, नुसता बघतो. मग लॉटरी कसली? हा तर्क लक्षात ठेवा. चार-पाच वर्षांनी तो उलटा फिरून येतो.

पुढच्याच वर्षी, जून १९५५ मध्ये, सीबीएस या वाहिनीवर 'द सिक्स्टीफोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' सुरू झाला. रेडिओवरच्या जुन्या कार्यक्रमात शेवटच्या प्रश्नाला ६४ डॉलर मिळत. टीव्हीने त्याला तीन शून्यं जोडली. मध्यम अमेरिकी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तेव्हा साधारण ४,४०० डॉलर होतं. म्हणजे एका कुटुंबाची चौदा वर्षांची कमाई एका उत्तरावर टांगलेली. आणि माणसंही अशी निवडलेली की बघणाऱ्याला कौतुक वाटावं. नौदलाच्या मरीन तुकडीतला कॅप्टन रिचर्ड मॅककचन स्वयंपाकावरच्या प्रश्नांची उत्तरं देऊन ६४,००० जिंकला. जॉईस ब्रदर्स या मानसशास्त्रज्ञ बाई मुष्टियुद्धावरच्या प्रश्नांना उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. जीनो प्राटो नावाच्या चांभाराला ऑपेरा तोंडपाठ. ३२,००० वर पोचल्यावर इटलीहून म्हाताऱ्या वडिलांची तार आली, आता थांब, आणि तो थांबला. या एका हंगामात कार्यक्रम देशात पहिल्या क्रमांकावर गेला.

स्टेजवर बँकेचा अधिकारी उभा असे, सोबत सुरक्षारक्षक, प्रश्न कुलपात. एवढा बंदोबस्त पाहिल्यावर चोर आतच बसला असेल असं कोणाच्या मनात येणार?

आता या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं, आणि आज आपल्याला सगळ्यात अनोळखी वाटणारं: हा कार्यक्रम सीबीएसचा नव्हता. आपल्याकडे नाटक कंपनी नाट्यगृह भाड्याने घेते. नाटक कंपनीचं, तिकिटं कंपनीची, नट तिचे. नाट्यगृहाचा व्यवस्थापक भाडं मोजतो आणि दिवे वेळेवर बंद करतो. पन्नाशीच्या दशकात अमेरिकी टीव्ही बराचसा असाच चालायचा. जाहिरातदार कंपनी वाहिनीकडून अर्धा तास भाड्याने घेई आणि त्यात काय दाखवायचं ते ती आणि तिची जाहिरातसंस्था ठरवी. 'सिक्स्टीफोर थाउजंड'चा जाहिरातदार होता रेव्हलॉन, लिपस्टिकवाला. कार्यक्रम लागल्यावर त्यांची विक्री धडाधड वाढली. दर आठवड्याला रेव्हलॉनची माणसं आणि निर्माते यांची बैठक होई, आणि तिथे चर्चा ज्ञानाची नसे. कोणता स्पर्धक लोकांना आवडतोय, कोण कंटाळवाणा झालाय, कोणाला अजून दोन आठवडे ठेवायचं, अशी चर्चा असे. जॉईस ब्रदर्स रेव्हलॉनच्या मालकाला आवडल्या नव्हत्या, म्हणून त्यांना मुद्दाम अवघड प्रश्न टाकले गेले. बाईंनी अभ्यासच एवढा केला होता की त्या तरीही जिंकल्या. या सगळ्या प्रकरणात मला मनापासून आवडणारी एवढीच एक जागा आहे.

तर ही झाली लबाडीची सौम्य तऱ्हा. उत्तर कोणालाच सांगायचं नाही. फक्त आधी गप्पा मारून माणसाला काय येतं, काय येत नाही याचा अंदाज घ्यायचा. ठेवायचा असेल तर येणारे प्रश्न, घालवायचा असेल तर न येणारे. कागदावर काहीच खोटं नाही. दुसरी तऱ्हा मात्र सरळ नूरा कुस्ती होती.

'ट्वेंटी-वन' हा कार्यक्रम १२ सप्टेंबर १९५६ ला एनबीसी या दुसऱ्या वाहिनीवर सुरू झाला. निर्माते जॅक बॅरी आणि डॅन एनराइट. बॅरी सूत्रसंचालनही करी. जाहिरातदार जेरिटॉल, म्हणजे 'दमलेल्या रक्ता'साठीचं लोहयुक्त टॉनिक. खेळ थोडक्यात असा: दोन स्पर्धक दोन आवाजबंद काचेच्या खोल्यांत. एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, त्याचे गुणही कळत नाहीत. विषय सांगितला जातो, आणि तुम्ही एक ते अकरापर्यंत गुण मागता. जितके जास्त मागाल तितका प्रश्न कठीण. जो आधी २१ ला पोचेल तो जिंकला. दोघांच्या गुणांत जेवढा फरक, तेवढ्याला प्रत्येकी ५०० डॉलर. बरोबरी झाली की दर ५०० ने वाढवून पुन्हा खेळ. आणि खरी मेख पुढे आहे: विजेता हरला तर नव्या स्पर्धकाचे पैसे त्याच्या साठलेल्या रकमेतून वजा होत. त्यामुळे बरोबरी जितकी लांबेल तितका जुन्या विजेत्याचा जीव टांगणीला. ज्याने हे नियम बसवले त्याला नाटक कळत होतं.

पहिला भाग प्रामाणिकपणे खेळला गेला, आणि पडला. स्पर्धकांना प्रश्नांमागून प्रश्न येईनात. जाहिरातदार खवळला. एनराइटने पुढे स्वतःच सांगितलं आहे की दुसऱ्या दिवशी सकाळी तंबी मिळाली, असं पुन्हा व्हायला नको. मग प्रामाणिकपणाचा प्रयोग तिथेच संपला.

पहिला मोठा मल्ल म्हणून त्यांनी उतरवला हर्बर्ट स्टेम्पेल. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणारा, सैन्यातून आलेला, सिटी कॉलेजचा विद्यार्थी. स्मरणशक्ती जबर. एनराइट त्याच्या घरी गेला, २५,००० डॉलर मिळाले तर आवडेल का विचारलं, आणि मग त्याचं कपड्यांचं कपाट उघडून पाहिलं. स्टेम्पेलच्या वारलेल्या सासऱ्यांचा एक ढगळ निळा सूट त्यात लटकत होता. तोच घालायचा, असं ठरलं. केस अगदी बारीक कापायचे, मनगटावर टिकटिक ऐकू येईल असं स्वस्त घड्याळ. बॅरीला 'मिस्टर बॅरी' म्हणायचं. कपाळावरचा घाम पुसायचा नाही, रुमालाने टिपायचा. खोलीतली हवा मुद्दाम बंद ठेवत, म्हणजे घाम खरा येई. मला वाटतं या सगळ्या नाटकात तेवढी एकच गोष्ट अस्सल होती.

स्टेम्पेल आठवड्यामागून आठवडे जिंकत राहिला. मग प्रेक्षकसंख्येचा आलेख सपाट झाला. लोकांना तो आवडेना. त्याला तसाच सजवलेला होता, नावडावा म्हणून. आता त्याला चितपट करायला समोर देखणा जोड हवा होता.

तो मिळाला चार्ल्स व्हॅन डोरेन. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा तिशीचा तरुण. वडील मार्क व्हॅन डोरेन पुलित्झर मिळालेले कवी, काका कार्ल चरित्रकार, त्यांनाही पुलित्झर. उंच, लाजरा, हसरा. निर्माता अल्बर्ट फ्रीडमनने त्याला घोळात घेतलं. व्हॅन डोरेनच्या साक्षीनुसार तो आधी म्हणाला होता, मला प्रामाणिकपणे खेळू द्या. उत्तर मिळालं, स्टेम्पेलला हरवणं तुला जमणार नाही. आणि हे तर मनोरंजन आहे, सगळेच असं करतात. शिवाय तू टीव्हीवर दिसलास तर शिक्षकांची, विद्येची देशात किंमत वाढेल. हुशार माणसाला कसं फसवावं याचा नमुना म्हणून हे तिसरं वाक्य जपून ठेवावं. पैशाचं आमिष दाखवलं असतं तर तो कदाचित नाही म्हणाला असता.

५ डिसेंबर १९५६. अनेक बरोबऱ्या झाल्यावर ठरल्याप्रमाणे स्टेम्पेलने हरायचं होतं. हरायचा प्रश्न होता: १९५५ चा सर्वोत्तम चित्रपटाचा ऑस्कर कोणाला मिळाला? उत्तर 'मार्टी'. ब्राँक्समधल्या एका एकट्या खाटकाची गोष्ट. स्टेम्पेलने हा चित्रपट तीनदा पाहिला होता, त्याचा फार आवडता. त्याने गयावया केली, दुसऱ्या कशावर हरवा, यावर नको. कोणी ऐकलं नाही. स्टेम्पेल काचेच्या खोलीत उभा राहून म्हणाला, 'ऑन द वॉटरफ्रंट'. म्हणजे आदल्या वर्षीचा चित्रपट.

नंतर अनेक वर्षांनीही तो याच प्रश्नाबद्दल बोलायचा, पैशांबद्दल कमी. आपल्याला येत असलेलं, आवडतं उत्तर, कोट्यवधी लोकांसमोर येत नाही म्हणून सांगायचं. नूरा कुस्तीत पडणाऱ्या पैलवानाला निदान फडाबाहेरचे चार जण ओळखून असतात की हा पडला नाही, पाडून घेतला. स्टेम्पेलला ती सोयही नव्हती.

व्हॅन डोरेन मार्च १९५७ पर्यंत टिकला आणि १,२९,००० डॉलर घेऊन बाहेर पडला. फेब्रुवारीत 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. एनबीसीने त्याला सकाळच्या 'टुडे' कार्यक्रमात वर्षाला ५०,००० डॉलरवर घेतलं. तो तिथे कविता वाची, विज्ञान समजावून सांगे. हे मात्र तो खरंच चांगलं करी.

इकडे स्टेम्पेलला कबूल केलेलं टीव्हीवरचं काम मिळालं नाही, जिंकलेले पैसेही उडाले. तो वर्तमानपत्रांकडे गेला. पत्रकारांनी ऐकून घेतलं, छापलं नाही. पुरावा नाही आणि अब्रुनुकसानीची भीती. हरलेला, चिडलेला माणूस काहीही बोलतो, असंच सगळ्यांना वाटलं. एनराइटने तर त्याला मानसोपचाराची गरज असल्याचं पसरवलं.

फुटलं ते भलतीकडेच. मे १९५८ मध्ये 'डॉटो' नावाच्या दुपारच्या कार्यक्रमात एक राखीव स्पर्धक पडद्यामागे बसला होता. आधीच्या विजेतीची वही त्याच्या हाती लागली. त्यात त्या दिवशीची उत्तरं लिहिलेली. त्याने तक्रार केली आणि ऑगस्टमध्ये 'डॉटो' रातोरात बंद झाला. मग स्टेम्पेलची गोष्टही छापून आली. शिवाय जेम्स स्नॉडग्रास नावाचा आणखी एक स्पर्धक निघाला. त्याने प्रक्षेपणाच्या आधीच प्रश्न-उत्तरं लिहून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पत्रं पाठवून ठेवली होती, न फोडलेली. टपालखात्याचा शिक्का आणि तारीख. यापुढे कोण काय बोलणार?

न्यूयॉर्कचे सरकारी वकील फ्रँक होगन यांनी ग्रँड ज्युरी बसवली. ही ग्रँड ज्युरी म्हणजे सामान्य नागरिकांचं मंडळ. बंद दाराआड साक्षी घेऊन खटला भरण्याइतका पुरावा आहे का एवढंच ते ठरवतं. साधारण १५० जणांच्या साक्षी झाल्या. होगन यांच्या अंदाजाने त्यातले पन्नासच खरं बोलले असतील. बाकीचे शपथ घेऊन खोटं बोलले, बरेचसे निर्मात्यांच्या सांगण्यावरून. व्हॅन डोरेनही त्यातलाच.

आणि इथे तो गुंता. फसवणूक म्हणायची तर कोणाचं तरी नुकसान झालेलं दाखवावं लागतं. प्रेक्षकाने तिकीट काढलं नव्हतं, पैज लावली नव्हती. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं होतं ना, घरी बसलेला माणूस काहीच लावत नाही? ज्याने काही लावलं नाही त्याचं काही गेलं नाही, आणि ज्याचं काही गेलं नाही तो फसला कसा? ज्या तर्काने हे कार्यक्रम जन्माला आले त्याच तर्काने ते सुटले. उत्तरं आधी सांगणं हा गुन्हा नव्हता. गुन्हा घडला तो नंतर, ग्रँड ज्युरीसमोर, शपथ घेऊन नाही म्हणताना. न्यायाधीशांनी तर ज्युरीचा अहवालही सीलबंद करून टाकला.

तो सीलबंद अहवालच वॉशिंग्टनला खुपला. संसदेच्या एका उपसमितीने, आर्कान्सॉचे ओरेन हॅरिस अध्यक्ष, १९५९ च्या शरद ऋतूत उघड सुनावणी सुरू केली. समितीचा तरुण वकील रिचर्ड गुडविन यामागे हात धुऊन लागला होता. बारा वर्षांची बालनटी पॅटी ड्यूकसुद्धा साक्षीला आली आणि आपल्यालाही उत्तरं सांगितली होती हे तिने कबूल केलं. व्हॅन डोरेन काही दिवस गायबच झाला. अखेर २ नोव्हेंबर १९५९ ला तो समितीसमोर आला आणि लिहून आणलेलं निवेदन वाचलं: गेल्या तीन वर्षांतल्या माझ्या आयुष्याचा ओघ उलटा फिरवता आला तर मी जवळपास काहीही द्यायला तयार आहे. एकामागून एक सदस्य त्याचं कौतुक करू लागले, किती मोठ्या मनाने कबूल केलं. न्यूयॉर्कचे स्टीव्हन डेरूनियन तेवढे म्हणाले, की तुमच्याएवढ्या हुशार, मोठ्या माणसाने खरं सांगितलं म्हणून शाबासकी द्यावी असं मला वाटत नाही. मीही त्यांच्याच बाजूचा. तो नावाजलेल्या बापाचा मुलगा नसता, तर ते कौतुक झालं असतं का? स्टेम्पेलचं कोणी केलं नव्हतं, आणि तो तर वर्षभर आधीपासून खरं सांगत होता.

कोलंबियाने त्याच दिवशी राजीनामा घेतला, एनबीसीने काढून टाकलं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर म्हणाले, अमेरिकी जनतेशी फार वाईट वागलं गेलं. १९६२ मध्ये व्हॅन डोरेन आणि आणखी काही स्पर्धकांनी खोट्या साक्षीचा गुन्हा कबूल केला. शिक्षा स्थगित झाली. म्हणजे ज्यांच्या सांगण्यावरून खेळ झाला ते जाहिरातदार सुटले, रेव्हलॉनच्या मालकाने समितीसमोर हात झटकले, आणि गुन्हेगार ठरले ते खेळणारे. बॅरी आणि एनराइट काही वर्षं बाहेर फेकले गेले. बॅरी १९७२ मध्ये नव्या कार्यक्रमासह परतलाही.

कायदा सप्टेंबर १९६० मध्ये झाला. लोकांना फसवण्याच्या हेतूने प्रश्नमंजूषेत लबाडी करणं हा आता केंद्रीय गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, १०,००० डॉलरपर्यंत दंड. त्याच कायद्याने रेडिओवर पैसे खाऊन गाणी वाजवण्यालाही चाप लावला, पण ती वेगळी कहाणी.

माझ्या मते कायद्याहून मोठा बदल भाडेकरूंचा झाला. वाहिन्यांनी हात वर केले होते, आम्ही फक्त वेळ विकली, आम्हीही फसलो. (एनबीसीने तर १९५७ मध्येच 'ट्वेंटी-वन' विकत घेतला होता, तेव्हा हे ऐकायला जरा जड जातं.) पण याच सबबीवर त्यांनी कार्यक्रम जाहिरातदारांच्या हातून काढून घेतले. यापुढे कार्यक्रम वाहिनी ठरवणार, जाहिरातदाराने मधले मिनिट-मिनिट विकत घ्यायचे. हे आधीच सुरू झालं होतं, कारण एकट्या कंपनीला अख्ख्या कार्यक्रमाचा खर्च झेपेनासा झाला होता. घोटाळ्याने त्याला नैतिक मुलामा दिला. आज आपण 'ब्रेक के बाद' म्हणतो तेव्हा एकामागून एक सात वेगवेगळ्या कंपन्या येतात, ती हीच व्यवस्था.

मोठ्या बक्षिसांच्या प्रश्नमंजूषा मग बरीच वर्षं कोणी करायला धजेना. मर्व्ह ग्रिफिन नावाचा निर्माता विमानात बायकोशी हीच कुरकुर करत होता. ज्युलॅन म्हणाली, उत्तरंच देऊन टाक की त्यांना. तो म्हणाला, अगं त्यानेच तर सगळे गोत्यात आले. ती म्हणाली, ५,२८०. तो म्हणाला, एका मैलात किती फूट असतात? त्यातून ३० मार्च १९६४ ला 'जेपर्डी' सुरू झाला, ज्यात स्पर्धकाला उत्तर उघड दिलेलं असतं आणि त्याने प्रश्न विचारायचा असतो.

व्हॅन डोरेन पुढे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात संपादक झाला, आणि जवळजवळ पन्नास वर्षं या विषयावर गप्प राहिला. १९९४ मध्ये यावर चित्रपट आला तेव्हा सल्लागार म्हणून त्याला एक लाख डॉलर देऊ केले होते. त्याने नको म्हटलं. स्टेम्पेल न्यूयॉर्क शहराच्या वाहतूक खात्यात नोकरी करत होता; त्याने सल्लागाराचं काम घेतलं, मुलाखती दिल्या, 'मार्टी'ची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. व्हॅन डोरेन एप्रिल २०१९ मध्ये वारला, स्टेम्पेल एप्रिल २०२० मध्ये. दोघंही त्र्याण्णव वर्षांचे होते. 'ट्वेंटी-वन'च्या नियमाने ही बरोबरी, फक्त या वेळी कोणी ठरवून आणलेली नाही.